चित्राला उठाव येत नाही? फ्रेम निवडण्याआधी एवढे करून बघा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात रंग, कागद, ब्रश मिळतात आणि फ्रेमही करून मिळते. त्यामुळे चित्र सुरू होण्याआधी आणि पूर्ण झाल्यावर अशी दोनदा तुमची-आमची गाठ पडते. पूर्ण झालेले चित्र काउंटरवर ठेवताना बरेच जण एकच सांगतात, "काढलंय नीट, पण उठाव येत नाहीये. जरा भारी फ्रेम लावूया का?" भारी फ्रेम विकण्यात आमचा फायदाच आहे. पण फिके पडलेले चित्र भारी फ्रेममध्ये आणखी फिके दिसते, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून आधी चित्रातले उजळ-गडद आणि मांडणी तपासावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्याला खर्च येत नाही आणि घरच्या घरी करता येते.

रंग बाजूला ठेवून बघा

कुंडीतल्या लाल जास्वंदीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. एवढे लालभडक फूल, पण बहुतेक वेळा ते पानांतच विरघळून जाते. लाल आणि हिरवा हे रंग वेगळे असले तरी त्या फुलाचा आणि पानांचा उजळपणा जवळजवळ सारखा असतो. रंगाच्या या उजळ-गडदपणाला छायाभेद म्हणतात, क्लासमध्ये शिकलेले त्याला टोन म्हणतात. दिवेलागणीला येऊरच्या रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्याच्या शर्टाचा रंग कळत नाही, माणूस मात्र कळतो. चित्रातही तेच होते. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहणाऱ्याला आधी उजळ-गडदाचे मोठे आकार दिसतात, रंगांची गंमत जवळ आल्यावर.

मोबाइल नसला तरी अडत नाही. चित्र भिंतीला टेकवून सहा-सात पावले मागे जा आणि डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात, मोठे आकार उरतात. काहीच उरले नाही, सगळे एकाच राखाडी धुक्यात गेले, तर दोष तिथे आहे.

प्रत्येक रंगाची झेप वेगळी असते, हेही लक्षात ठेवा. लेमन यलो कितीही जाड लावला तरी गडद होत नाही. प्रशियन ब्लू पाण्याने पातळ केला तर पहाटेच्या आकाशाइतका फिका होतो आणि घट्ट लावला तर काळ्याच्या जवळ जातो. पिवळ्या भिंतीवरची सावली काढायला पिवळ्यात काळा मिसळू नका, तो हिरवट होतो. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि किंचित जांभळा घेऊन बघा. खोल गडदासाठी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना ही जोडी आम्हाला काळ्या ट्यूबपेक्षा जास्त आवडते, कारण तिच्यातला गडद जिवंत राहतो. आणखी एक अडचण अशी की जलरंग वाळल्यावर फिका होतो, तर ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. त्याच कागदाच्या पट्टीवर रंग लावून, वाळू देऊन मगच चित्रावर घ्या.

उपवनचे एक चित्र

आमच्या एक काकू उपवन तलावाचे जलरंगातले चित्र घेऊन आल्या होत्या. क्वार्टर शीट, म्हणजे 11 × 15 इंच. संध्याकाळची वेळ, समोर बाक, पलीकडे येऊरचे डोंगर. रेखाटन नेटके होते, बाकाच्या पट्ट्यासुद्धा मोजून काढलेल्या. ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला तर आकाश, डोंगर, पाणी सगळे एका रांगेत राखाडी. डोंगर हिरवे असतात हे माहीत असल्यामुळे काकूंनी ते प्रसन्न हिरवे रंगवले होते. पण संध्याकाळी सूर्य त्या डोंगरांच्या मागे जातो. आपल्याकडची बाजू पूर्ण सावलीत असते. आकाश सर्वांत उजळ, डोंगर म्हणजे एक गडद पट्टा, त्याखाली पाण्यात त्याचे किंचित फिके प्रतिबिंब आणि त्याच्या अलीकडे आकाश झेलणारे उजळ पाणी.

चित्राला हात लावायची काकूंना भीती वाटत होती. म्हणून आम्ही चित्रावर पारदर्शक प्लास्टिकची शीट ठेवली आणि डोंगरांवर येईल असा गडद निळा ॲक्रिलिक त्या शीटवर लावला. डोंगर दबले आणि पाणी चमकायला लागले. पाण्याला कोणी ब्रशही लावला नव्हता! उजेड दाखवायला शेजारी गडद लागतो, हे पुस्तकात वाचलेले असते. डोळ्यांसमोर घडताना पाहिले की मात्र ते कायमचे कळते.

मग मांडणी. बाक कागदाच्या बरोबर मध्ये होता, त्याच्या पाठीची वरची कड नेमकी काठाच्या रेषेला चिकटलेली, आणि खाली तीन बोटे नुसते गवत. माउंट म्हणजे चित्राभोवती, फ्रेमच्या आत बसवायची जाड पुठ्ठ्याची खिडकी; त्या माउंट बोर्डाच्या कातरणाचे एल आकाराचे दोन तुकडे चित्रावर सरकवत नेले. खालून दोन इंच आणि डावीकडून दीड इंच झाकले तेव्हा बाक एका बाजूला गेला आणि नजर त्याच्यावरून पाण्याकडे, तिथून डोंगराकडे जायला लागली. काकूंनी घरी जाऊन डोंगरांवर दोन वॉश, म्हणजे पातळ रंगाचे हात, दिले, पाण्याला टेकतात तिथे सर्वांत गडद. बाकाच्या मागे काठावर थोडी गडद झुडपे काढून ती चिकटलेली रेषा मोडली. कागद आम्ही कापला नाही, माउंटची खिडकीच लहान ठेवली.

पुढच्या चित्राआधी

नवा कागद ताणण्याआधी व्हिजिटिंग कार्डाएवढे तीन-चार चौकोन आखा आणि 6B पेन्सिलीने त्यात फक्त तीन छटा भरा: कागदाचा पांढरा, मधला राखाडी, गडद. तिन्ही सारख्या वाटून टाकू नका. एकीचे राज्य असू द्या, दुसरी कमी आणि तिसरी चिमूटभर. क्षितिज मधोमध नको, झाडाचे टोक डोंगराच्या टोकाला नेमके टेकायला नको, होडीचे तोंड चौकटीबाहेर पळणारे नको. हे नियम मोडणारी उत्तम चित्रे आहेत, पण त्यांतही उजळ-गडदाचा हिशोब पक्का असतो. छटा मोजायला चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांची 0 म्हणजे काळा ते 10 म्हणजे पांढरा अशी पट्टी जगभर वापरतात. रोजच्या कामाला घरी केलेली पाच घरांची पट्टी पुरते.

सर्वांत तीव्र उजळ-गडद कुठे येऊ द्यायचे, हे या छोट्या चौकोनातच ठरवा, कारण नजर तिथेच जाणार. सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आठवा. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात, आणि ते जलरंगात आहे हे सांगितले तर विश्वास ठेवत नाहीत. उजेड चेहऱ्यावर आणि दिव्याआड धरलेल्या बोटांवर, बाकीचे सारे मंद ठेवलेले. जलरंगात असा उजेड राखावा लागतो. एकदा रंगाखाली गेलेला कागदाचा पांढरा पूर्वीसारखा परत येत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांच्या पालकांना एक सांगावेसे वाटते. स्थिरचित्रातल्या तांब्यावर मुले चार-पाच ठिकाणी चमक ठेवतात. एकच ठेवायला सांगा, तीही लहान. तांब्या लगेच गोल दिसेल.

मग फ्रेम

माउंटचा रंगही चित्रातले उजळ-गडद बदलतो. शुभ्र माउंटशेजारी हातकागदाचा पिवळसर पांढरा मळका दिसतो, तिथे क्रीम माउंट बरा. गडद माउंटमध्ये चित्रातला उजेड जास्त पेटतो, पण नाजूक फिके चित्र त्यात गुदमरते. गडद चित्राला साधी काच लावून खिडकीसमोर टांगले तर चित्राआधी स्वतःचा चेहरा दिसेल, म्हणून कुठे टांगणार हे आधी सांगा. माउंट निवडायला शक्यतो दिवसा या. दुकानाच्या दारात नैसर्गिक उजेडात चित्र धरून दाखवतो.

एल आकाराचे तुकडे काउंटरवर मागा, त्यांचे पैसे घेत नाही. पावसाळ्यात चित्र आणताना गुंडाळी करू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून वर प्लास्टिक घाला आणि रिक्षात मांडीवर आडवे धरा. कडेला उभे धरले की पावसाची झड बरोबर त्याच बाजूने आत येते.