‘हल्लीची मुले बिघडली’ हे सॉक्रेटिसचे वाक्य नव्हे

‘हल्लीची मुले ऐषारामी आणि उद्धट झाली आहेत, वडीलधाऱ्यांना जुमानत नाहीत, पायावर पाय टाकून बसतात, असे सॉक्रेटिस म्हणाला होता,’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे.

सॉक्रेटिसने स्वतः काहीच लिहून ठेवले नाही. त्याचे बोलणे आपल्याला मुख्यतः त्याचे शिष्य प्लेटो आणि झेनोफन यांच्या लेखनातून कळते, आणि तेथे हे वाक्य नाही. ते आले केंब्रिजमधील एका तरुण अभ्यासकाच्या, प्राचीन ग्रीक शिक्षणावरील प्रबंधातून, जो त्याच्या अकाली मृत्यूनंतर १९०७ मध्ये छापला गेला. त्या काळच्या ग्रीक लेखनात मुलांविषयी ज्या तक्रारी आढळतात, त्यांचा गोषवारा त्याने स्वतःच्या शब्दांत दिला होता. पुढे कोणीतरी त्याला अवतरणचिन्हे लावली आणि सॉक्रेटिसचे नाव जोडले.

पायांची तक्रार मात्र खरोखर जुनी आहे. इसवी सनपूर्व ४२३ मध्ये अथेन्समध्ये झालेल्या ॲरिस्टोफेनिसच्या एका प्रहसनात, पूर्वीची मुले पायावर पाय टाकत नसत, असे जुन्या वळणाचे पात्र सांगते. गंमत म्हणजे त्याच नाटकात तरुणांना बिघडवणारा म्हणून रंगवला आहे तो सॉक्रेटिसच.

पडताळणी अवघड नाही. प्लेटोचा उतारा देताना १५७८ च्या आवृत्तीतील पृष्ठांक व अक्षर (जसे ‘५६३ ए’) देण्याची रीत आहे, हे अंक बहुतेक भाषांतरांतही छापलेले असतात, त्यामुळे ती जागा सापडते. फिरत्या मजकुराखाली असा अंक कधीच नसतो.