गाडी बघायला जाताना मागे बसणाऱ्यांनाही घेऊन जा

छोटी गाडी निवडताना आणि सीटचं काम करून घेताना उपयोगी पडेल अशी माहिती

आमच्या दुकानात गाड्यांच्या सीटचं काम होतं. फोम बदलणं, रेक्झिन किंवा कापडी कव्हर शिवणं, उसवलेली शिलाई दुरुस्त करणं. नव्याकोऱ्या गाड्याही येतात. चालवणारा खूश असतो, पण मागे बसणाऱ्या आईचे गुडघे दुखतात किंवा वडिलांची कंबर धरते. "सीटमध्ये थोडा फोम वाढवा," एवढंच सांगणं असतं. कधी तेवढ्याने भागतं. पुष्कळदा भागत नाही, कारण अडचण फोमची नसून गाडीच्या मापांची असते. ते गाडी घेण्याआधीच कळलं तर तुमचे पैसे आणि घरच्यांचा त्रास दोन्ही वाचतील, म्हणून हे पत्रक.

लांब गाडी म्हणजे ऐसपैस गाडी, हा समज आधी बाजूला ठेवा. रस्त्यावर रोज दिसणाऱ्या दोन गाड्या घेऊ. 2019 पासूनची वॅगनआर 3655 मिलिमीटर लांब आहे, 2024 ची स्विफ्ट 3860. म्हणजे स्विफ्ट वीस सेंटीमीटरने मोठी. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते वॅगनआरचं 2435 आणि स्विफ्टचं 2450. फरक अवघा दीड सेंटीमीटरचा. डिकी तर वॅगनआरचीच मोठी, 341 लिटर, स्विफ्टची 265. माणसं बसतात ती मुख्यतः या व्हीलबेसच्या आत. त्यामुळे वाढलेल्या लांबीतलं फारसं काही मागच्या गुडघ्यांच्या वाट्याला येत नाही.

खरा फरक उंचीत आहे. वॅगनआर 1675 मिलिमीटर उंच, स्विफ्ट 1520. छत उंच असलं की सीटही उंच बसवता येते. मग माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो, पाय खाली सोडतो आणि पुढची जागा कमी लागते. बुटक्या गाडीत तोच माणूस पाय लांब करून, जवळजवळ जमिनीलगत बसतो. उंच गाडीचा हा विचार जपानमधून आला. तिथल्या केई गाड्यांना, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या सगळ्यात लहान वर्गातल्या गाड्यांना, आज 3.4 मीटर लांबी आणि 1.48 मीटर रुंदीची मर्यादा आहे, उंचीला मात्र 2 मीटरपर्यंत मोकळीक आहे. लांबी-रुंदी वाढवता येईना, तेव्हा गाडी वर वाढली. 1993 साली जपानमध्ये आलेली पहिली वॅगनआर ही त्यातलीच.

घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल तर आम्ही उंच गाडीच सुचवतो. सीट नितंबांच्या उंचीला असली की माणूस सरळ आत सरकतो. खाली वाकून बसायचं आणि उतरताना दाराला धरून स्वतःला वर ओढायचं, हे टळतं. मात्र मागे तीन मोठी माणसं नेहमी बसणार असतील तर रुंदीही बघा. तिथे स्विफ्ट 1735 आणि वॅगनआर 1620. बाहेरची सगळी रुंदी आत मिळत नाही, पण तिघांचे खांदे एकमेकांना लागले की हा फरक जाणवतो.

शोरूममध्ये काय तपासायचं? चालकाची सीट तुमच्या उंचीला लावून घ्या आणि तिला हात न लावता मागे जाऊन बसा. पुढची सीट पुढे ढकलून दाखवलेली जागा खरी नव्हे. गुडघे पुढच्या सीटला टेकतात का, पावलं तिच्याखाली सरकतात का, डोक्यावर चार बोटं तरी उरतात का, ते बघा. मग सीटची बैठक तपासा. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटांचं अंतर ठीक. तिथे पंजा सहज मावत असेल तर मांडीला पुरेसा आधार नाही. हे पाहणं फार महत्त्वाचं, कारण बैठक आखूड केली की समोर जागा भरपूर आहे असं वाटतं. बैठक खालीही असेल तर उकिडवं बसल्यासारखे गुडघे वर येतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. पाच मिनिटांत ते जाणवत नाही. साताऱ्याहून पुण्याला निघालेला माणूस खंबाटकी ओलांडता ओलांडता चुळबूळ करू लागतो.

फार मऊ सीटला भुलू नका. मऊ फोम बसताक्षणी सुखावतो, पण तासाभरात तळाला टेकतो. आम्ही खाली घट्ट फोम आणि वर मऊ पातळ थर असं काम करतो. बैठकीची पुढची कड थोडी उचलून मांडीला आधार देता येतो, पाठीच्या खालच्या बाजूला भरावही घालता येतो.

जे जमत नाही तेही स्पष्ट सांगतो. फोमने गाडीतली जागा वाढत नाही, उलट कमी होते. बैठकीवर दोन इंच चढवले की डोकं छताकडे तेवढं सरकतं आणि हेडरेस्ट मानेला लागू लागतो. जाड मऊ गादी टाकली तर अपघाताच्या धक्क्यात शरीर पट्ट्याखालून पुढे घसरण्याचा धोका असतो. म्हणून चालकाच्या सीटवर सुट्या जाड गाद्या आम्ही देत नाही, आग्रह केलात तरी नाही.

कव्हर शिवायला देताना पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची खूण आहे का, ते आधी पाहा. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग तिथेच असते. त्यावर साधं घट्ट कव्हर चढवलं तर ती वेळेवर उघडणार नाही. अशा सीटला ती कड मोकळी सोडलेलं किंवा तिथे मुद्दाम कच्ची शिलाई घातलेलं कव्हरच लागतं. थोडं महाग पडतं, पण यात आम्ही तडजोड करत नाही.

सीएनजी घेणार असाल तर डिकी उघडून बघा. एकच मोठी टाकी असेल तर सामानाला जागा उरत नाही आणि बॅगा मागे बसणाऱ्यांच्या पायात येतात. टाटांनी 2023 मध्ये अल्ट्रोझ आणि टियागोत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, त्यामुळे वर बॅगा ठेवता येतात. लग्नकार्याला सहकुटुंब जाणाऱ्यांना हा फरक मोठा आहे.

सीटचं काम करायला गाडी आणाल तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांना सोबत आणा. त्यांना सीटवर बसवून, माप घेऊनच आम्ही फोम कापतो. कव्हर चढवण्याआधी एकदा बसून बघायला सांगतो, तेव्हा संकोच न करता कुठे टोचतं, कुठे पोकळ लागतं ते सांगा. जुना फोम काढल्यावर तुमच्यासमोरच ठेवतो. तो मागच्या बाजूने बघा, तुमचा भार नेमका कुठे पडत होता ते त्यावर दिसतं.