हरवलेल्या माश्यांचा हिशेब

फुलोऱ्यात फवारणी झाली की पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो, हे मधपाळांना जुनंच ठाऊक आहे. फळबागांवर आर्सेनिकची विषं मारत तेव्हा हेच दिसलं, पुढे पॅराथिऑन-कार्बारिलच्या काळातही. कीटकनाशकांची चाचणीही त्याच नजरेने बेतलेली होती: माशीला मात्रा द्यायची आणि दोन दिवसांत किती मेल्या ते मोजायचं.

१९९४ नंतर फ्रान्समधल्या सूर्यफुलाच्या पट्ट्यातले मधपाळ वेगळीच तक्रार करू लागले. सडा नव्हताच. ऐन फुलोऱ्यात माश्या बाहेर जात आणि परतत नसत. संशय होता बायर कंपनीच्या ‘गाऊचो’वर, म्हणजे बियाण्याला चोळलेल्या इमिडाक्लोप्रिडवर. हे विष आंतरप्रवाही. बियाण्यातून रोपात चढतं आणि त्याचा अंश परागात, मकरंदात उतरतो. शेतात पंप घेऊन कुणी फिरलेलंच नसतं, मग बोट दाखवायचं कुणाकडे? (बीटी कपाशीचं रंगीत बियाणं विदर्भात पाकीट फोडून थेट टोबलं जातं, त्यावरही बहुधा हेच औषध चोळलेलं असतं.) कंपनी म्हणे, दोष व्हरोआ कोळ्याचा (माश्यांवर जगणाऱ्या परजीवीचा) आणि रोगांचा. व्हरोआ खरोखरच होता, त्यामुळे वाद चिघळत राहिला. तरी जानेवारी १९९९ मध्ये फ्रेंच सरकारने सूर्यफुलावर गाऊचोला बंदी घातली. मक्याची पाळी यायला २००४ उजाडलं.

२००८ च्या वसंतात जर्मनीत, ऱ्हाईनच्या खोऱ्यात, मात्र सडा पडला. मक्याच्या बियाण्यावर क्लोथियानिडिनचा, म्हणजे इमिडाक्लोप्रिडच्याच कुळातल्या विषाचा, लेप नीट बसला नव्हता. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी त्याची धूळ आसपासच्या फुलांवर उडवली आणि माश्यांच्या ११ हजारांहून अधिक वसाहतींना फटका बसला. तिथे परवाने काही आठवड्यांत स्थगित झाले. मेलेली माशी ओंजळीत घेऊन दाखवता येते. फ्रान्सच्या मधपाळांकडे दाखवायला काय होतं? रिकामी पेटी.

हरवलेल्यांची मोजणी जमली ती २०१२ मध्ये. फ्रेंच संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर इवल्या चिप चिकटवल्या, त्यांना त्याच कुळातल्या थायमेथोक्झॅमची न मारणारी मात्रा पाजली आणि पेटीपासून दूर सोडलं. मात्रा न घेतलेल्यांपेक्षा या माश्या जास्त हरवल्या, अनोळखी मुलखात तर आणखीच. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झॅम यांच्यावर निर्बंध आणले. २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापर पूर्ण बंद केला. त्यातूनही सदस्य देश ‘आणीबाणी’च्या सवलती देत राहिले, फ्रान्सने बंदी घातल्यावर स्वतःच २०२० मध्ये बीटासाठी वाट काढली. प्रक्रिया केलेल्या बियाण्यापुरती ती पळवाट युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बुजवली.

दरम्यान नव्या चाचण्यांचा घोळ चालू होता: कीटकनाशकामुळे वसाहत किती घटली तर चालेल? २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या कृषिमंत्र्यांनी आकडा ठरवला, जास्तीत जास्त १० टक्के.