साहेब जागेवर नाहीत : कार्यालयातील ठरलेल्या टेबलाची पार्श्वभूमी

सकाळी येताच मोबाइलवर दिवसापुरते टेबल नोंदवायचे आणि संध्याकाळी चार्जर, चष्म्याचे घर, पाण्याची बाटली लॉकरमध्ये ठेवून ते मोकळे करून जायचे, ही पद्धत आता नाशिकमधल्या नव्या कार्यालयांतही रुळू लागली आहे. तिच्यावरून होणारी कुरबुर समजून घ्यायची, तर ‘जागा’ या शब्दाचा गुंता आधी सोडवावा लागतो.

तांबट आळीत घराचा पुढचा भाग हाच कारखाना होता, तेव्हा घर आणि कामाचे ठिकाण असा भेद करण्याचे कारणच नव्हते. तो भेद पक्का झाला तो नाशिकरोडचे नोटा-तिकिटांचे छापखाने आणि पुढे 1960 च्या दशकापासून वसत गेलेली सातपूरची औद्योगिक वसाहत यांच्यामुळे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने नव्या कारखान्यांत कामगारामागे किमान 14.2 घनमीटर अवकाश ठरवून दिला आणि तो मोजताना जमिनीपासून 4.2 मीटरच्या वरची पोकळी धरायची नाही, इतक्या बारकाईने लिहून ठेवले. कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्या वाट्याला असा आकडा आला नाही. दुकाने व आस्थापनांसाठीच्या 2017 च्या राज्य कायद्यातही उजेड, हवा, पाणी यांची तरतूद आहे, 50 कामगार झाले की पाळणाघराची अट आहे. माणशी किती जागा, हे मात्र त्यात नाही. पुढच्या घडामोडींना ही मोकळीकच सोयीची ठरली.

नोकरदार माणूस ‘जागा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बसायचे ठिकाण असते, नेमणुकीचे पद असते आणि चौरस फूटही असतात. ‘जागा निघाल्या’, ‘जागा भरली’, ‘त्याच्या जागी दुसरा आला’ ही पदाची भाषा झाली. ‘साहेब जागेवर नाहीत’ ही हजेरीची. सरकारी कार्यालयात फाइल दुसऱ्या टेबलावर गेली म्हणजे काम दुसऱ्या माणसाकडे गेले, असा अर्थ शिपाईही लावतो. त्यामुळे ‘यापुढे कोणालाही ठरलेली जागा असणार नाही’ असे परिपत्रक निघते, तेव्हा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भाडे असते आणि वाचणाऱ्याला नोकरी जाण्याची चाहूल लागते. अशा परिपत्रकांत ‘सहकार्य’ आणि ‘मोकळेपणा’ हे शब्द हमखास असतात. भाड्याचा उल्लेख सहसा नसतो.

हेतू आणि वापर यांच्यातली ही फारकत जुनी आहे. 1968 साली अमेरिकेतल्या एका फर्निचर कंपनीने हलवता येणाऱ्या आडभिंतींची रचना बाजारात आणली, ती माणसाला हालचाल आणि थोडा आडोसा मिळावा म्हणून. घेणाऱ्यांनी त्याच आडभिंती काटकोनात लावून शक्य तितके चौकोन पाडले आणि त्यातून क्युबिकल रूढ झाले.

आपल्याकडे चक्र फिरले ते 2020 मध्ये. त्या वर्षी 29 फेब्रुवारीपासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि महिना पुरा होण्याआधीच, 25 मार्चपासून, देशभर टाळेबंदी आली. पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली अनेक मुले नाशिकला परतली. गंगापूर रोड, इंदिरानगरच्या सदनिकांमध्ये काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत प्लायवूडची फळी ठोकली गेली, मागे पडदा आला आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा बैठकांप्रमाणे बदलल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉल सेंटरसारख्या सेवांवरील नोंदणीची व बँक हमीची बंधने केंद्राने उठवली, आणि घरून काम करणे ही तात्पुरती सवलत राहिली नाही.

टाळेबंदीनंतर ‘तीन दिवस कार्यालयात, दोन दिवस घरी’ असा तोडगा निघाला, तेव्हा आखणी करणाऱ्यांनी सोपे गणित मांडले. पाचापैकी तीन दिवस येणाऱ्या 100 माणसांना सरासरी 60 टेबले पुरतात. परंतु सोमवार-शुक्रवार घरी घालवण्याकडे बहुतेकांचा कल असतो, म्हणून बुधवारी जवळपास सगळेच हजर असतात आणि उशिरा पोहोचलेला माणूस लॅपटॉप घेऊन जेवणघराच्या बाकावर बसतो. आता नव्या आराखड्यांत व्यक्तीऐवजी गटाला एक पट्टा नेमून देण्याकडे, फोनसाठी बंद खोके आणि पाच-सहा जणांच्या लहान खोल्या वाढवण्याकडे ओढा दिसतो. कागदपत्रे आणि महिनाअखेरचे हिशेब सांभाळणाऱ्या लेखा विभागाला ठरलेली टेबले परत देण्याची वेळही आली आहे. ती मुळात काढायलाच नको होती.

कारखान्याच्या आवारात हा प्रश्न आणखी अवघड होतो. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये वरच्या मजल्यावरचा ड्रॉइंग काढणारा आठवड्यातून दोन दिवस घरी बसू शकतो, खालच्या लेथवरचा कामगार मात्र तिन्ही पाळ्यांत त्याच्या यंत्रापाशीच लागतो. त्याची जागा यंत्राने ठरवलेली आहे. खंडेनवमीला तो आपल्या यंत्राला हार घालतो. वरच्या मजल्यावर लॅपटॉप घरोघरी गेलेले असतात आणि झेंडूची माळ लॉकरच्या रांगेवर चढते.