प्लाझ्मा एक्स्चेंज (यकृतासाठी)

यकृत अचानक निकामी झाल्यावर रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, काढून त्याजागी दात्यांचा प्लाझ्मा भरण्याची उपचारपद्धती. मुंबईतल्या आयसीयूत डॉक्टर तिला ‘प्लेक्स’ म्हणतात; नातेवाइकांच्या तोंडी ‘लिव्हरचं डायलिसिस’ असते. हे नाव समजायला सोपे, पण फसवे. किडनीच्या डायलिसिसमध्ये युरियासारखे लहान रेणू पडद्यातून निघून जातात. कावीळीचा पिवळा रंग आणणारे बिलिरुबिन आणि पित्तातली आम्ले मात्र अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेली असतात आणि अल्ब्युमिन त्या पडद्यातून जात नाही. म्हणून प्लाझ्माच बदलायचा. अल्ब्युमिन धुऊन पुन्हा वापरणारे ‘मार्स’ हे यंत्र 1990च्या दशकात जर्मनीतील रोस्टॉक येथे तयार झाले.

मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून रक्त यंत्रात नेतात. तिथे प्लाझ्मा वेगळा होतो, रक्तपेशी परत शरीरात जातात. साठ किलोच्या माणसात प्लाझ्मा अडीच लिटरच्या आसपास असतो आणि एफएफपीची (दात्यांच्या गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माची) पिशवी साधारण 200 मिलीची. म्हणजे एका वेळेला डझनभर पिशव्या लागू शकतात. यंत्राइतकीच धावपळ रक्तपेढीची असते. रक्त गोठू नये म्हणून वापरलेले सायट्रेट रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते आणि ते पचवण्याचे कामही बरेचसे यकृताकडेच असते, त्यामुळे कॅल्शियमवर सतत लक्ष ठेवावे लागते.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत 182 रुग्ण होते. सलग तीन दिवस मोठ्या मात्रेत प्लाझ्मा बदललेल्यांपैकी 58.7 टक्के रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले; नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 47.8 टक्के होते. तिकडे यकृत निकामी होण्याचे मोठे कारण म्हणजे पॅरासिटामॉलचा अतिडोस. आपल्याकडे दूषित पाण्यातून येणारी हेपटायटिस ए आणि ई, क्षयाची औषधे आणि उंदीर मारायच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस.

चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ ‘उतरवणारे’ पिवळे झालेले पाणी दाखवतात. त्या रंगाचा रोगाशी संबंध नसतो. प्लेक्सच्या पिशवीतला पिवळा रंग खरोखर बिलिरुबिनचा असतो, पण त्यावरूनही यकृत सुधारले असे ठरत नाही. रक्त धुतले की आकडा उतरतो आणि दोन दिवसांत पुन्हा चढू शकतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आयएनआरचेही तेच: सुधारलेला आकडा बराचसा दात्यांच्या प्लाझ्माचा असतो. म्हणून डॉक्टर रुग्णाची शुद्ध आणि रक्तातला अमोनियाही पाहतात, आणि गरज दिसल्यास प्लेक्स चालू असतानाच प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवून घरातल्या दात्याच्या तपासण्या सुरू करतात.