कर्नल डीबगरचा दस्तऐवज आणि त्यातल्या छोट्या दुरुस्त्या: पार्श्वभूमी

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या मुख्य भागाच्या) डीबगरचा, म्हणजे चालू कर्नल थांबवून आतल्या चुका शोधणाऱ्या केजीडीबी आणि केडीबी या साधनांचा, दस्तऐवज उघडून अगदी तळाशी गेलं की श्रेयनामावली लागते. पहिलं नाव अमित काळे, दुसरं टॉम रिनी. त्याखाली नोंद आहे की मार्च २००८ मध्ये जेसन वेसल यांनी हा मजकूर संपूर्ण नव्याने लिहिला आणि जानेवारी २०१० मध्ये त्यात केडीबी आलं. डीबगरच्या मुख्य सोर्स फाइलवरच्या कॉपीराइटच्या ओळी आणखी मागे नेतात: व्हेरिटास २०००-२००१, अमित काळे २००३-२००४, लिनसिससॉफ्ट २००४-२००६, पुढे विंड रिव्हर. लिनसिससॉफ्ट ही पुण्यातली कंपनी, आणि व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्रही पुण्यातच होतं. हिंजवडी-खराडीत बसून या दस्तऐवजाला एक ओळीचा पॅच (बदलाचा प्रस्ताव) पाठवणाऱ्याने हे जरूर माहीत करून घ्यावं. कारण पुण्याच्या अभिमानापुरतं नाही. या मजकुरावर वेगवेगळ्या काळाचे थर आहेत आणि आज त्यात सापडणारी बहुतेक चूक कुठल्या तरी एका थरातून आलेली असते. तो थर ओळखता आला तरच दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे ठरवता येतं.

पहिला थर कर्नलबाहेरचा. लिनस टोरवाल्ड्स यांचा मूळ कर्नलमध्ये डीबगर घेण्याला विरोध होता आणि २००० साली त्यांनी तो जाहीरपणे मांडला होता. त्यामुळे केजीडीबी कित्येक वर्षं स्वतंत्र पॅचच्या रूपात जगलं. कर्नलची नवी आवृत्ती आली की पॅच पुन्हा बसवायचे, हे दर वेळचं काम. सिलिकॉन ग्राफिक्सचं केडीबीही तसंच बाहेर वाढलं. दोघांची घडण मात्र वेगळी. केजीडीबीला दोन यंत्रं लागतात: एकावर थांबलेला कर्नल, दुसऱ्यावर डीबग माहितीसकट बांधलेली व्हीएमलिनक्स ही कर्नलची फाइल घेऊन बसलेलं जीडीबी हे नेहमीचं डीबगर साधन, मध्ये सीरियल केबल. केडीबी थांबलेल्या यंत्रावरच चालतं. त्यात सोर्सच्या ओळी दिसत नाहीत; मेमरी, रजिस्टर, प्रोसेसची यादी, बॅकट्रेस (फंक्शनांनी एकमेकांना बोलावल्याची साखळी) आणि कर्नलचा लॉग पाहता येतो. केजीडीबी २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आलं, केडीबी २०१० मध्ये २.६.३५ मध्ये. तेव्हापासून दोघांचा गाभा एक आणि दस्तऐवजही एक. ‘डीबगर’ एवढाच शब्द असलेल्या वाक्यात नेमकं कोण अभिप्रेत आहे, हा संदिग्धपणा या जोडणीतून आला. एखाद्या दुरुस्तीत ‘केडीबी’च्या जागी ‘केजीडीबी’ केलेलं दिसलं, तर ती टायपिंगची चूक मानून पुढे जाऊ नये. तो परिच्छेद एका यंत्राचा आहे की दोन यंत्रांचा, ते आधी पाहावं.

दुसरा थर नावांचा. कर्नलमधले पर्याय नाव बदलतात आणि दस्तऐवज मागे राहतो. कर्नलचा कोड केवळ वाचनीय ठेवणारा पर्याय कर्नलच्या ४.११ या आवृत्तीपर्यंत डीबग-आरओडेटा या नावाने होता. तिथे त्याचं नाव स्ट्रिक्ट-कर्नल-आरडब्ल्यूएक्स झालं. जुनं नाव वाचून मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडण्याच्या मेन्यूत) शोधणाऱ्याला ते सापडत नाही, आणि हा पर्याय चालू असताना सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट (कोड ठरलेल्या जागी थांबवणारी खूण) बसेल की नाही, हे दस्तऐवजाने सांगायचंच राहतं. ५.१८ मध्ये डीबग-इन्फो हा पर्याय थेट निवडण्याचा राहिला नाही, त्याऐवजी डीडब्ल्यूएआरएफ या डीबग माहितीच्या साच्याच्या आवृत्त्यांमधून एक निवडावी लागते. जुन्या सूचनेप्रमाणे कॉन्फिग फाइलमध्ये ती एकच ओळ घातली, तर पुढच्या कॉन्फिग-पायरीत ती गुपचूप गळून पडते. कर्नल नीट बांधला जातो, पण जीडीबीला एकही सोर्स-ओळ दिसत नाही. अशा दुरुस्तीचा रिव्ह्यू वाचून होत नाही. केकॉन्फिग फाइल्समध्ये, म्हणजे पर्याय जिथे जाहीर होतात तिथे, गिट-ग्रेपने ते नाव शोधायचं, मग गिट-लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन ते कधी नाहीसं झालं ते काढायचं. जो कमिट (नोंदवलेला बदल) सापडेल त्याच्या हॅशची, म्हणजे ओळखक्रमांकाची, पहिली १२ अक्षरं पॅचमधल्या ‘फिक्सेस’ (कुठला जुना बदल दुरुस्त होतो ते सांगणाऱ्या) ओळीत आली पाहिजेत.

जीडीबीकडूनही असंच झालं. सीरियल वेग ठरवणारी त्याची जुनी रिमोटबॉड कमांड जाऊन ‘सेट सीरियल बॉड’ आली, आणि जुनी ओळ नकलून टाकणाऱ्याच्या पदरी एरर पडू लागली. ४.१२ पासून एक्स८६ वर कर्नलचा पत्ता दर बूटला बदलणारी व्यवस्था मुळातच चालू असते. बूटच्या ओळीत ती बंद करणारं नोकेएएसएलआर नसेल, तर फंक्शनची नावं चुकीच्या पत्त्यांना चिकटतात आणि ब्रेकपॉइंट भलतीकडेच बसतो. नोकेएएसएलआरबद्दल सांगणारं वाक्य कुणी पाल्हाळ म्हणून कापायला निघालं, तर तो पॅच परत पाठवावा.

तिसरा थर छपाईच्या साच्याचा आहे आणि हल्लीच्या बहुतेक छोट्या दुरुस्त्या इथल्याच असतात. कर्नलचे दस्तऐवज आधी डॉकबुकमध्ये होते. ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून, स्फिंक्स हे दस्तऐवज बांधणारं साधन आलं आणि केजीडीबीचा मजकूर २०१७ मध्ये नव्या साच्यात गेला. रूपांतरात कमांडच्या ओळी कधी साध्या परिच्छेदात मिसळतात: जोड-अपूर्णविरामानंतर (::) मोकळी ओळ नसली किंवा खालचा मजकूर आत सरकवलेला नसला की असं होतं. शीर्षकाखालची रेघ शीर्षकाहून आखूड असली तर स्फिंक्स इशारा देतं. तो दुर्लक्षित करू नये, कारण इशाऱ्यांच्या ढिगात खरा बिघाड लपतो. म्हणून दुरुस्ती लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा एचटीएमएल बांधून पाहावं. स्फिंक्सडर्स हा चल (व्हेरिएबल) दिला की तेवढीच डिरेक्टरी बांधली जाते, सगळ्या कर्नलच्या दस्तऐवजांची वाट पाहत बसावं लागत नाही.

या दस्तऐवजातली एक जागा विशेष जपण्यासारखी आहे. केजीडीबीतून केडीबीत यायला टर्मिनलवर डॉलर, ३, हॅश (#), ३३ अशी अक्षरं टाइप करायला सांगितली आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती कचऱ्यासारखी वाटतात, कुणाला तर ३३ ही ३ ची चुकून झालेली पुनरावृत्ती वाटते. खरं तर तो जीडीबीच्या रिमोट प्रोटोकॉलचा संपूर्ण पॅकेट आहे. डॉलर ही सुरुवात, हॅशनंतर चेकसम. मधल्या अक्षरांच्या ॲस्की मूल्यांची बेरीज, २५६ ने भागून उरलेली, हेक्समध्ये दोन अंकी लिहायची. ‘३’ या अक्षराचं मूल्य हेक्समध्ये ३३ आहे, म्हणून ३३. यातलं एक अक्षर बदललं तर पॅकेट नाकारला जातो आणि समोरचं यंत्र थांबलेलंच राहतं. जीडीबीतून हेच ‘मेंटेनन्स पॅकेट ३’ असं करता येतं.

बूटच्या ओळीतही असंच काटेकोर राहावं लागतं. केजीडीबीओसीला, म्हणजे डीबगर कुठल्या पोर्टवर बोलेल ते ठरवणाऱ्या पर्यायाला, पोर्टचं नाव आणि वेग, सहसा ११५२००, द्यायचा. केजीडीबीवेट (बूट होतानाच डीबगरसाठी थांबायला सांगणारा पर्याय) त्याच्यानंतर यायला हवं, आधी नाही. क्रम उलटा करणारी ‘सुबक’ मांडणी स्वीकारू नये. टीटीवायएस० (पहिल्या सीरियल पोर्टचं नाव) मधलं एस मोठ्या लिपीतलंच हवं, लहान केलं तर ड्रायव्हर सापडत नाही. आणि एकाच पोर्टवर मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम चालू असताना जीडीबी जोडलं, तर दोघं एकमेकांचे बाइट खातात. मिनिकॉम बंद करा हे सांगणारं वाक्य दस्तऐवजात अनावश्यक कधीच नसतं.

चाचणी केली असं पॅचमध्ये लिहिलेलं असेल, तर ती कशी केली हे विचारावं. घरच्या लॅपटॉपवर क्यूईएमयूत (आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमात) करणारे बरेच जण त्याचा लहान एस पर्याय देऊन पोर्ट १२३४ ला जीडीबी जोडतात. तिथे उत्तर देतो तो क्यूईएमयूचा स्वतःचा स्टब (जीडीबीशी बोलणारा छोटा भाग). केजीडीबीचा त्यात काहीच भाग नसतो. कर्नलमध्ये केजीडीबी बंद असलं तरी ती ‘चाचणी’ यशस्वी होते. खरी चाचणी करायची तर आभासी यंत्राला दुसरं सीरियल पोर्ट टीसीपीवर काढून द्यावं, केजीडीबीओसीला ते नाव सांगावं, सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलमध्ये जी लिहून कर्नल थांबवावा आणि मग त्या टीसीपी पोर्टला जीडीबी जोडावं. वाटल्यास एकच पोर्ट एजंट-प्रॉक्सी या साधनाने कन्सोल आणि डीबग अशा दोन वाटांत विभागता येतं. लॉकडाउन (कर्नलमध्ये ढवळाढवळ रोखणारी सुरक्षा-व्यवस्था) चालू असलेल्या यंत्रावर मात्र ५.१९ पासून डीबगर अडवला जातो. तिथे चाचणी फसली म्हणून दस्तऐवज चुकीचा ठरत नाही, पण ही अट मजकुरात नसेल तर ती घालणं हीच चांगली दुरुस्ती.

एक शब्द बदलताना कुणी अख्खा परिच्छेद नव्याने ओळींत बसवला, तर डिफमध्ये दहा ओळी लाल-हिरव्या होतात आणि खरा बदल दिसत नाही. गिट-डिफला शब्दवार फरक दाखवायला सांगितलं की तो सापडतो. तरीही ओळींची फेरमांडणी वेगळ्या पॅचमध्ये मागावी. पुढे कुणी त्या ओळीचा इतिहास शोधेल तेव्हा त्याला योग्य कमिट हाती लागेल. दस्तऐवजाची फाइल जागा बदलते तेव्हा जुन्या वाटेचे दुवे इतर फाइल्समध्ये आणि भाषांतरांच्या डिरेक्टरीत तसेच राहतात. मेक या बांधणीच्या कमांडला रेफचेकडॉक्स हे लक्ष्य दिलं की त्यांची यादी मिळते.

पाठवताना गेट-मेंटेनर स्क्रिप्ट डीबगरचे आणि दस्तऐवजांचे, दोन्ही मेंटेनर (तो भाग सांभाळणारे) दाखवते. पॅच कुणाच्या ट्रीमधून (कोडच्या प्रतीतून) जावा हे पत्रातच लिहावं, नाहीतर दोघंही दुसरा घेईल असं समजतात. आधीच प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या स्टेबल शाखेला शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या पाठवू नयेत. तिच्या नियमांत असे किरकोळ बदल स्पष्टपणे वगळले आहेत. चुकीच्या पर्यायनावाची दुरुस्ती असेल तर फिक्सेस ओळ पुरते. आणि ‘रिव्ह्यूड-बाय’ ही ओळ एचटीएमएल बांधून, नाव शोधून, शक्य तिथे कमांड चालवून मगच द्यावी. नुसतं वाचून मान्य असेल तर ‘ॲक्ड-बाय’ आहे.