अकराव्या वर्षीचा पेपर, सत्त्याहत्तराव्या वर्षी

एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगायचे. आईला हे विचारलं तेव्हा तिने गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी असा सगळा गोठा झपाट्याने रिकामा केला आणि थांबली. मग ‘वाघ’ म्हणाली, आणि त्याच्यामागून जंगल आलं. म्हातारपणी बुद्धी कशी बदलते हे तपासायची ही एक चाचणी. अभ्यासक प्राण्यांच्या संख्येइतकंच या थांबण्याकडेही बघतात. एक कप्पा संपल्यावर मेंदू दुसऱ्यात कसा शिरतो ते त्यातून कळतं.

आईचे सतरा प्राणी झाले. हे कमी की जास्त? ताडायचं कशाशी, इथेच खरं घोडं अडतं. शंभरातून सात-सात वजा करत जाणं हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... लहानपणी पावकी, निमकी, दिडकी घोकलेले आजोबा हे सहज सांगून टाकतात. शाळेची पायरी न चढलेली त्यांच्याच वयाची बाई अडखळते, पण त्यावरून तिचा मेंदू थकला असं म्हणता येत नाही. विशीतल्यांशी सत्तरीतल्यांची तुलना केली तरी हीच गफलत होते, कारण दोन पिढ्यांचं शिक्षणही वेगळं आणि खाणंपिणंही. अमेरिकेत सिॲटलला मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 पासून दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासायला सुरुवात केली. तेव्हा बुद्धीची उतरण वाटली होती त्यापेक्षा बरीच उशिरा, बहुतेकांत साठीच्या पुढेमागे लागते असं दिसलं. यातही मेख आहेच. तीच चाचणी पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात आणि प्रकृती ढासळलेली माणसं मधेच गळतात.

म्हणजे माणसाला ताडायचं त्याच्या स्वतःच्याच लहानपणाशी. पण ते जपून ठेवतो कोण?

स्कॉटलंडने ठेवलं होतं, तेही नकळत. 1 जून 1932 रोजी तिथे 1921 साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांची एकच बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. मुलं होती 87,498. पुढे त्या नोंदवह्या बांधून ठेवल्या गेल्या आणि विसरल्या गेल्या. त्या हाती लागल्यावर मानसशास्त्रज्ञ इयन डिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरोबर 66 वर्षांनी, 1 जून 1998 ला, ॲबर्डीनच्या म्युझिक हॉलमध्ये त्यातल्या काहींना पुन्हा पेपरला बसवलं. प्रश्न तेच, वेळही तीच 45 मिनिटं. अशा एकूण 101 जणांनी तो पेपर दिला.

सरासरी गुण अकराव्या वर्षापेक्षा वाढले होते. पण त्याहून बोलका निघाला दोन्ही वेळच्या गुणांमधला सहसंबंध. तो 0.63 होता (1 म्हणजे तंतोतंत जुळणी, 0 म्हणजे काहीच संबंध नाही). सोप्या भाषेत, वर्गात तेव्हा पुढे असलेली मुलं म्हातारपणीही बहुधा पुढेच होती. बहुधा, सगळीच नव्हेत. कोण खाली सरकलं, कोण वर चढलं आणि का, हे शोधणं म्हणजे खरा वार्धक्याचा अभ्यास.

जुन्या गुणांमुळे काही गोड समज मात्र कोसळले. स्कॉटलंडमध्येच अकराव्या वर्षी तशीच चाचणी दिलेल्या, 1936 साली जन्मलेल्या 1,091 जणांच्या पुढच्या अभ्यासात कॉफी पिणाऱ्या वृद्धांचे गुण चांगले दिसत होते. त्यात अकराव्या वर्षीचे गुण हिशेबात धरले, तर कॉफीचा प्रभाव बहुतांशी विरून गेला. हुशार मुलं मोठेपणी कॉफीकडे वळली होती, कॉफीने कुणी हुशार झालं नव्हतं. ‘शब्दकोडी सोडवा, बुद्धी तल्लख ठेवा’ असा फॉरवर्ड आला की मला हेच आठवतं. कोडं सोडवणारा आधीपासूनच तल्लख नव्हता कशावरून? तंदुरुस्त शरीर आणि सिगारेटपासून लांब राहणं यांचा फायदा मात्र अशा हिशेबानंतरही थोडाफार उरतो. थोडाफारच, रामबाण असं काही सापडलेलं नाही.

आईच्या अकराव्या वर्षीची नोंद कुठेच नाही. मी निदान यंदाचे सतरा प्राणी तारखेसकट लिहून ठेवलेत, पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन म्हणून. पण तिला बेत कळला असावा. परवा भाजी निवडताना ती स्वतःशीच पुटपुटत होती, ‘जिराफ, पाणघोडा, झेब्रा...’